दारावरची खूण

पोलिओच्या मोहिमेत सरकारचा भिंतींवर फार विश्वास. बाळाला डोस पाजला की करंगळीला शाई आणि दाराला किंवा भिंतीला खडूची खूण. खूण नसेल तर ते घर राहिलं असं धरतात, मग बाळ दोनदा डोस पिऊन ढेकर देत बसलेलं का असेना.

वंदना रोडे बावीस वर्षं भोपाळात हेच काम करत होती. शिवाजी नगरच्या क्वार्टरमधून निघून, लसीचा डबा खांद्याला लावून ती जुन्या शहरातल्या त्या गल्लीत शिरली, तेव्हा कर्फ्यू उठून दुसराच दिवस होता. गल्लीत एकतीस मुलं. दंग्यापायी मागची फेरी बुडालेली. आज कुणी सुटून चालणार नव्हतं.

पहिल्याच घरी शमीमने लेकराला पुढे केलं. दोन थेंब पडले. वंदनाने सवयीने चौकटीवर खूण केली. शमीमचा चेहरा उतरला. तिने ओढणीने खडू घासून पुसला.

"दीदी, दंगे के पहले भी कोई निशान लगा गया था. वही घर जले."

"अरे, ये तो पोलिओ का है."

"आग को क्या मालूम?"

गल्लीत बातमी वंदनाच्या पुढे चालली. एकेक दार लागत गेलं. उरलेली तीस मुलं दारांमागे, लस डब्यात, आणि तिच्या हातात खडू. तिने तो चपलेखाली चुरडला.

"निशान नहीं लगाऊँगी," ती मोठ्याने म्हणाली. "सिर्फ उँगली पे."

एका म्हातारीने दार किलकिलं केलं. "उँगली चलेगी. इनकी तो वैसे भी काली रहती है."

दुपारी एकपर्यंत एकतीस झाली.

मग सुपरवायझर सदाशिव काळे आले. "वंदनाताई, भिंती कोऱ्या कशा?"

"मुलं झालीत सर. सगळी."

"वर मुलं कोण मोजतं? द्या खडू, मी करतो खुणा."

"संपला."

"माझ्याकडे आहे." त्यांनी खिशातून काढला. शमीमचं दार लागलं. शेजारचं लागलं. त्यापुढच्या घराला लावायला दार नव्हतं. नुसती काळी चौकट उभी होती.

काळे त्या चौकटीपाशी थांबले. खडू खिशात गेला. त्यांनी फॉर्म उघडून 'खूण नसल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं: भिंती ओल्या.

"सही करा, ताई."

गल्लीत तीन दिवस नळाला थेंब नव्हता. वंदनाने सही केली.