नळी बदललेले पिस्तूल

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या कोठारात एका लाकडी खोक्यात मी पडलो आहे. जुने, काळसर, मुठीवरचे लाकूड झिजलेले एक पिस्तूल. लवकरच मला भट्टीत वितळवतील. त्याआधी माझी गोष्ट तुमच्या कानावर घालतो.

सर्बियातल्या क्रागुयेवात्स शहरातल्या कारखान्यात मी घडलो. माझी नळी अरुंद होती, म्हणून मला बारीक गोळी लागे. डोंगरातल्या एका गावच्या तिहोमिर नावाच्या तरुणाने मला घरी नेले. तो मला मऊ फडक्याने पुसायचा, तेल द्यायचा, कपाटात उंचावर ठेवायचा.

आमच्याकडे लग्नाची एक रीत आहे. नवरीच्या घरचे लोक उंच काठीच्या टोकाला सफरचंद बांधतात. वरातीतल्या कुणीतरी ते गोळीने पाडल्याशिवाय नवरी उंबऱ्याबाहेर येत नाही. तिहोमिरने स्वतःच्या लग्नात माझ्या पहिल्याच गोळीने सफरचंद पाडले. पुढे मुलाच्या लग्नातही पाडले. "तिहोमिरचं पिस्तूल चुकत नाही," असे लोक म्हणू लागले. मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! आज ते शब्द आठवले की नकोसे होते.

मग दिवस बदलले. बारीक गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि मी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलो. नातू ओग्न्येनचे लग्न ठरले, तेव्हा म्हाताऱ्या तिहोमिरने मला ओबरादकडे नेले. ओबराद बंदुका दुरुस्त करणारा जाणता कारागीर. त्याने माझी जुनी नळी काढली आणि आजकाल मिळणाऱ्या जाड गोळीची नवी नळी बसवली. बाहेरून मी तोच दिसत होतो. आतून मात्र मी दुसराच कुणी झालो होतो.

मला परत देताना ओबराद म्हणाला, "तिहोमिर, आधी दगडाच्या खाणीत जाऊन चार गोळ्या झाडून बघ. आता हे पूर्वीच्या जागी मारणार नाही. कुठे मारतं ते सांग, मग मी नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा घासून नेम जुळवून देतो."

"अरे, माझ्या लग्नात मीच पाडलं, पोराच्या लग्नात मीच पाडलं! आता म्हातारपणी मला बालवाडीत बसवतोस होय?"

ओग्न्येन शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, जाऊन येऊ या ना एकदा."

"गप रे! नवरदेवाचे आजोबा खाणीत जाऊन सराव करतात, हे कळलं तर तुझ्या सासरचे पोट धरून हसतील."

ओग्न्येनने मान खाली घातली.

लग्नाच्या दिवशी वरात नवरीच्या अंगणात पोचली. अकॉर्डियन वाजत होते, प्लमच्या दारूची बाटली हातोहात फिरत होती. सफरचंदाची काठी गवताच्या माळ्याला बांधली होती. नवरी कोसानाचा भाऊ रादोश माळ्याच्या खिडकीतून बाहेर झुकून ती काठी हलवत होता. सफरचंद त्याच्या डोक्यापासून जेमतेम दोन हात वर होते. पण त्याला भीती वाटत नव्हती. माझे नाव त्यानेही ऐकले होते ना!

तिहोमिरने नेम धरला. मला माझ्या नव्या नळीचा कल कळत होता. मी ओरडू शकलो असतो तर! पहिली गोळी खाली, छपराच्या कौलात घुसली. अंगणात हशा पिकला.

"आजोबा, चष्मा घरी राहिला का?" रादोश आणखी बाहेर झुकून ओरडला. "शिडी आणून देऊ?"

"थांब लेका, आता सफरचंद तुझ्याच टाळक्यात पाडतो!" म्हातारा हसत म्हणाला. पण तो हशा त्याला लागला होता. ओबरादचे शब्द तेव्हा तरी आठवायला हवे होते. त्याने पुन्हा चाप ओढला.

काठी हलायची थांबली. रादोशने या वेळी टोमणा मारला नाही. लोकांना वाटले, तो आत दडून हसतो आहे. अकॉर्डियन तसेच वाजत राहिले.

"रादोश, पुरे झालं, खाली ये!" कोसानाने दारातून हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली. मग ती नवरीच्या पोशाखातच शिडी चढून वर गेली. तिची किंकाळी ऐकू आली, तेव्हा कुठे वाजंत्री थांबली.

कोसाना त्या घरातून ओग्न्येनबरोबर गेली नाही. पुढेही कधी गेली नाही. तिहोमिरने स्वतः मला पोलिसांच्या टेबलावर आणून ठेवले. "हत्यार माझं, हातही माझाच," एवढेच तो बोलला.

मित्रांनो, एखाद्या वस्तूच्या आतले काही बदलले, तर ती नव्याने ओळखून घ्या. जुन्या कौतुकावर विसंबू नका. आणि आनंदाच्या भरात कुणी माझ्यासारख्याला हात घातला, तर त्याचा हात धरा. तो वयाने मोठा असला तरी धरा. लोक रागावतील, उद्धट म्हणतील, म्हणू द्या. त्या दिवशी पहिली गोळी चुकल्यावर अंगण माणसांनी भरलेले होते, ओग्न्येन तर आजोबांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. सगळेच फार शहाणे, फार मर्यादशील. उद्धट असे एकही मूल तिथे नव्हते.