मनगटावर लिहिलेलं गाव

"आभा, पोरीला त्या ट्रॉयच्या गाडीतून पाठवू नकोस," इसाबेल म्हणाली, तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. इसाबेल वसईची, इथे अमिरातीत अल ऐनच्या एका हॉस्पिटलात नर्स, आमच्या शेजारच्याच व्हिलात राहायची. "काल पार्किंगमध्ये उभा होता बघ. पंधरा मिनिटं! हातात चावी, आणि आपली गाडी कुठली तेच कळेना."

"प्यायला असेल."

"प्यायलेली माणसं मी रोज बघते, बाई. हे ते नाही."

मी हसण्यावारी नेलं. एरवी शुभ्राला शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी मी! पण माझा नवरा प्रकाश सकाळी साडेपाचलाच साइटवर जायचा, शाळेची बस आमच्या गल्लीत येत नव्हती, आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झालेली. समोरच्या व्हिलातला ट्रॉय शुभ्राच्याच शाळेत पीटी शिकवायचा. सकाळी त्याचा हॉर्न वाजायचा, "यल्ला, मिस शुभ्रा!" आणि पोरगी दप्तर घेऊन पळायची. मला त्याची गाडी हवी होती, म्हणून मला ते ऐकायचं नव्हतं.

ट्रॉय अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला. आपला नव्हे, त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. उभा राहिला की दार भरून जायचं, पण दोन पायऱ्या उतरायच्या तर कठडा धरायचा. एकदा जेवायला बोलावलं होतं, तेव्हा प्रकाशनं विचारलं, "गोल किती मारलेस?"

"नऊ वर्षांत बॉल माझ्या हातात दोनदा आला," ट्रॉय म्हणाला. "माझं काम अडवायचं. मधोमध उभं राहायचं आणि समोरचे दोन गडी एकट्यानं अंगावर घ्यायचे. मग आमचा मागचा मोकळा सुटतो आणि बॉलवाल्याला पाडतो. टीव्हीवर तो दिसतो."

"आणि तू?"

"मी ढिगाच्या तळाशी."

डोक्याला मार बसला की त्यांचा डॉक्टर म्हणे विचारायचा, "आज आपण कुठल्या गावात आहोत?" उत्तर चुकलं की बाकावर. आणि बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो. म्हणून मॅचच्या आधी हे गडी मनगटाच्या चिकटपट्टीवर गावाचं नाव लिहून ठेवायचे. हळूच बघायचं आणि ठोकून द्यायचं.

"म्हणजे कॉपी करून पास!" प्रकाश टेबल बडवत हसला. "आमच्या आभालाही दे एक पट्टी, टेस्टला उपयोगी पडेल." आम्ही सगळेच हसलो. ट्रॉयसुद्धा.

पट्टी त्याच्या मनगटावर अजूनही असायची. मला वाटायचं, जुनी सवय. एकदा शुभ्रा म्हणाली, "ममा, कोच रोट माय नेम ऑन हिज रिस्ट!" मला भरून आलं. प्रकाशला मुद्दाम फोन करून सांगितलं, बघ, पोरीवर किती जीव आहे त्याचा.

मे महिन्यात एका मंगळवारी शाळेतून फोन आला, शुभ्रा का नाही आली? दोघं घरून निघाल्याला पाऊण तास झाला होता. त्यानंतरची वीस मिनिटं मी फोनजवळ उभी होते, एवढंच आठवतं. मग पुन्हा फोन. पोचली.

दुपारी ती उड्या मारतच आली. "वी वेंट राउंड द कॉफीपॉट! नाइन्टीन टाइम्स! आय काउंटेड!"

चौकात मधोमध कॉफीच्या किटलीचं मोठं शिल्प आहे, शाळेला तिथूनच वळायचं.

"मग कोच काय म्हणाले?"

"नथिंग. ही वॉज स्वेटिंग. देन आय टोल्ड हिम, कोच, स्कूल इज दॅट वे. ही सेड, थँक यू, मॅम."

संध्याकाळी ट्रॉय दारात आला. मी दुपारभर मनात भाषण जुळवलं होतं, आधी त्याचं ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं. तो आत आला नाही. हात पुढे केला. घामानं पट्टीवरची शाई पसरली होती. तरी अक्षर लागत होतं : अल ऐन. शुभ्रा. शाळा. किटलीनंतर उजवीकडे.

"उद्यापासून तिला दुसऱ्या कोणाबरोबर पाठवा, मॅम," तो म्हणाला. "पण शाळेला सांगू नका. ते बाकावर बसवतील."

नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथे पोरांनाही कळतं. मी सांगितलं नाही. इसाबेल डॉक्टरकडे नेते म्हणाली की तो "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला" म्हणायचा. "तू गप्प बसून त्याचं भलं केलंस की वाईट?" तिनं मला विचारलं होतं. मला अजून सांगता येत नाही.

जुलैत आमची दुबईला बदली झाली. सामान हलवायच्या दिवशी फ्रिज उचलायला दोन हमाल पुढे झाले, तर ट्रॉयनं दोघांनाही बाजूला केलं आणि एकट्यानं मिठीत घेऊन तो ट्रकपाशी नेला. मग धापा टाकत विचारलं, "कुठे निघालात?" सकाळपासून चौथ्यांदा. मी पुन्हा सांगितलं, दुबई. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि पट्टीवर लिहून घेतलं.

डिसेंबरात इसाबेल कायमची वसईला गेली. फेब्रुवारीपासून ट्रॉयचा फोन नुसता वाजतोय. शाळा म्हणते, ते आता आमच्याकडे नसतात. आणखी काही सांगत नाहीत. त्या गल्लीतल्या एकानं मात्र त्याची गाडी अजून दारात आहे म्हणून सांगितलं. प्रकाश दूर खोर फक्कान गावी कामावर, माझं धाकटं वीस दिवसांचं, आणि लायसन्स अजून नाहीच.

तुमच्यापैकी कोणी अल ऐनला असेल तर एवढं करा. पत्ता मी देते. बेल वाजवून लगेच मागे फिरू नका, गुडघ्यांमुळे त्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो. त्याच्या मनगटाकडे बघू नका. "ओळखलंत का?" असंही विचारू नका. बोलता बोलता गावाचं नाव मात्र आधी तुम्हीच घ्या.