कोरडी बिडी

"मावशी, इन्स्पेक्टर यायच्या आत खोली चकाचक करा. फिनेल टाका," टॉवरचा मॅनेजर विनीत लक्ष्मीच्या हातात बादली कोंबत म्हणाला. "आणि ती लाल वायर खेचून कचऱ्यात."

लालबागच्या त्या टॉवरच्या तळघरात पोहायच्या तलावाचं पाणी शुद्ध करणारं यंत्र होतं. काल त्याची पेटी फुटली आणि ते चालवणाऱ्या दौलतचा डोळा गेला. आज त्याचं रक्त पुसायला त्याच्याच बायकोला उभं केलं! झाडूवालीचा नवरा म्हणजे काय, सांडलेला चहा?

दौलत घरी सांगायचा, "खाऱ्या पाण्यात करंट सोडलो की क्लोरीन होता. पण जळणारो ग्यासपण सुटता. पाणी व्हावता तवसर तो निघान जाता. थांबला काय पेटीत साठता." पाणी मंदावलं की करंट तोडायला एक स्विच होता. पण वर सकाळी योगा चाले. साहेबलोकांना पंपाची घरघर खपेना, म्हणून पंप मंद केला. स्विच करंट तोडू लागला, क्लोरीन बंद झालं, तलाव हिरवा पडला. तेव्हा विनीतनेच माणूस आणून स्विचवर लाल वायर मारून घेतली, म्हणजे पाणी थांबलं तरी करंट चालूच. दौलत भांडला, तर म्हणे, "नाटकं नकोत."

"वायर कशाला काढू, साहेब?"

"डोकं चालवू नका. दौलतने बिडी पेटवली म्हणून भडका उडाला. ते बघा थोटूक."

पेटीखाली थोटूक होतं खरं. लक्ष्मी वाकली. खोलीभर अजून घोट्याएवढं पाणी. कोपऱ्यातल्या मिठाच्या गोणी भिजून लगदा झालेल्या. पेटीखालच्या पाइपाच्या बेचक्यात, अजून पाणी ठिबकत होतं तिथे, बिडी मात्र कोरडी ठणठणीत.

दौलतला तर बिडीच्या वासानेही ढास लागायची.

"स्फोट काल झाला ना? मग ही आज कोणी ओढली?"

विनीतची मान लाल झाली. "नोकरी प्यारी आहे की नाही तुला?"

मावशीची 'तू' झाली. लक्ष्मीला बरंच वाटलं. निदान खरं बोलला.

"प्यारी होती," ती म्हणाली. "पण त्यांचो एक डोळो अजून शिल्लक आसा. त्याच्यासमोर जायचंय मला."

तिने बादली उंबऱ्यात पालथी घातली आणि इन्स्पेक्टरची वाट बघत तिच्यावर बसली. वर योगाचं संथ संगीत चालू होतं. विनीत एक पाऊल पुढे आला, तसा तिने मॉप दारात आडवा धरला.

मॉप कोरडाच होता.