तोकुजीचं न थांबणारं इंजिन

कुसाका तोकुजीला कुणी तब्येत विचारली तरी तो डिझेल इंजिनाबद्दलच बोलायचा. कामासावा घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज होतं, आणि छोट्या घरगुती गाड्यांत बसणारी ती लहानशी डिझेल इंजिनं म्हणजे त्याचा जीव की प्राण. दीड लिटरचं, पावणेदोनचं, दोनचं. "एकाच घराण्यातली भावंडं," तो म्हणायचा, "सगळी खोकतात, सगळी कमी खातात, आणि मरत मात्र एकही नाही."

"माझ्या माहेरच्यांचं असं कौतुक कधी केलं नाहीत," बायको तोमिए टोमणा मारायची.

वर्ष संपायला दोन दिवस उरले होते. सकाळीच तोकुजीने सराईसमोरून एक गाडी ओढून आणली. टोकियोचे हिराया मास्तर बायकोला घेऊन बर्फावर घसरायला आले होते. रात्रीतून टाकीतलं डिझेल थिजून दुधासारखं झालं होतं. शहरातलं डिझेल इथल्या थंडीत असंच दगा देतं. थंड मुलखातल्या पंपांवर वेगळं मिळतं, तेच भरायचं असतं. आता एवढ्या शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? तोकुजीने फिल्टरवर गरम पाण्याची फडकी टाकली, टाकी रिकामी करून इथलं डिझेल भरलं आणि मास्तरांना मनसोक्त झापलं. मग जीव विरघळला त्याचा. नव्या वर्षाची गवताची दोरी त्याने स्वतःच्या हाताने गाडीच्या तोंडावर बांधून दिली. उद्या, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बांधली तर अपशकुन, म्हणून आजच.

"घाटात अडकलो तर हो?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"अडकलात तर अडकलात! इंजिन तेवढं बंद करू नका. गार पडलं की पुन्हा सुरू व्हायला नखरे करतं. हीटर लावा आणि खुशाल झोपा. माझ्या हातचं डिझेल आहे पोटात, आता हे काही थांबत नाही."

दोघं वाकवाकून नमस्कार करत निघून गेली.

साडेअकराला फोन वाजला. तो तोमिएने घेतला. त्यांची मुलगी सायोको, सहा वर्षांच्या लेकीला, चिहोला घेऊन, तोकुजीनेच निवडून दिलेल्या डिझेल गाडीतून शिमिझूहून सणाला येत होती. शिमिझू म्हणजे समुद्रकाठ. तिथे बर्फ बघायला चित्रंच काढावी लागतात.

"घाटापलीकडच्या चहाच्या दुकानातून बोलत होती," तोमिए हसत म्हणाली. "डिझेल भरायला थांबत नाही म्हणाली. काल घरूनच टाकी तुडुंब भरून निघाली, अजून निम्म्याच्या वर आहे. बाबांना सांग म्हणे, तुमचं इंजिन मुंगीएवढं पितं."

तोकुजीच्या हातातला पाना खाली पडला.

टाकी तुडुंब भरून निघायचं, हा धडा त्याचाच. तेलटंचाईच्या साली रविवारी पंप बंद असायचे, तेव्हापासून त्याने तो पोरीला घोटून घोटून पाठ करून घेतला होता. मास्तरांना ज्यावरून झापलं, तेच डिझेल घेऊन त्याची स्वतःची लेक घाट चढत होती. इंजिन कमी पितं, म्हणून तर ते अजून टाकीत होतं! त्याने दुकानात फोन लावला. गाडी निघून गेली होती.

"अहो, काय झालं? बोला ना!" तोमिए ओरडली.

"वर थिजणार ते. मधेच बंद पडणार."

एकच्या सुमाराला गावातले भोंगे बोलू लागले. घाटमाथ्यावर हिमवादळ, चाळीसेक गाड्या अडकल्या आहेत, कुणीही वर जाऊ नये. तोकुजी गाड्या ओढायचा ट्रक काढून बर्फ सारणाऱ्या यंत्रामागे निघाला. सोबत इथल्या डिझेलचा डबा, गरम पाण्याचे थर्मास, घोंगड्या. सगळ्या वाटेत त्याचं एकच चाललं होतं, "थांबू नकोस रे बाबा, माझी पोर आत आहे, थांबू नकोस."

माथ्याच्या अलीकडच्या वळणावर यंत्र थांबलं. चालक खाली उतरला.

"तोकुजीदा, वाऱ्याने बर्फ पार टपापर्यंत चढलाय. लोक इंजिन लावून, काचा चढवून आत बसलेत. धुराच्या नळ्या बुजल्या असतील तर धूर आतच जाणार."

"डिझेलचा धूर पेट्रोलइतका वाईट नसतो," तोकुजी सवयीने म्हणाला.

"मोकळ्या हवेत नसेल. बर्फाखाली दोन तास कोंडला तर?"

नळीजवळचा बर्फ उकरत राहायचं, हे घाटातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सायोकोलाही माहीत होतं. पण दहा वर्षं झाली तिला समुद्रकाठी जाऊन! विसरली असेल तर? पोरीला कुशीत घेऊन डोळा लागला असेल तर?

"बंद पड," तो मोठ्याने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "बंद पड रे मेल्या, तुझ्या पाया पडतो."

पुढे रस्ता नव्हताच, नुसते उंचवटे होते. तो एकेका गाडीची नंबरपाटी उकरत गेला. सहाव्या उंचवट्याखाली सायोकोची गाडी निघाली. त्याने हातमोजा काढून बॉनेटवर तळवा ठेवला. दगडासारखं गार होतं. त्याने काचेवर मूठ आपटली आणि आतूनही कुणीतरी काच वाजवली.

सायोकोचे ओठ निळे पडले होते. चिहो तिच्या कोटात गुंडाळलेली होती.

"बाबा, बंद पडलं हो. किती वेळा चावी फिरवली…"

"आजोबा, तुमचं इंजिन वाईट आहे," चिहो कुडकुडत म्हणाली.

"वाईटच आहे गं माझे बाई, अगदी टाकाऊ आहे!" असं म्हणत तोकुजी ढसाढसा रडला.

दोघींना ट्रकमध्ये बसवून, घोंगड्या घालून, गरम पाणी पाजून तो वळला, तेव्हा वारा जरा पडला होता. त्या शांततेत त्याला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूच्या उंचवट्याखालून आवाज आला. टक टक टक टक. ओळखीचा खोकला. घराण्यातलं थोरलं भावंड, दोन लिटरचं. एकही ठोका न चुकता चाललं होतं.

तो धावला. हातांनी बर्फ ओरबाडू लागला. बोटांना आधी गवताची दोरी लागली. गाठ त्याचीच होती.

काच उबदार होती, आतून धुकट झालेली. मास्तरांची मान बायकोच्या खांद्यावर कलंडली होती, आणि तिने दोघांच्या मांडीवर नीट कोट पांघरला होता.

"मास्तर! अहो मास्तर! बाई, उठा!"

कुणी हललं नाही. त्याने पान्याने काच फोडली, हात आत घातला आणि चावी फिरवली. इंजिन लगेच, गुमान थांबलं. तोकुजी गाडीमागे गेला. धुराची नळी हातभर बर्फाखाली होती. ती मोकळी ठेवा, एवढं सकाळी सांगायचं राहिलं होतं. इथे ते कुणाला सांगावं लागत नाही.