वीसवर फिरवायचा

आमच्या ओट्यावरचा ओव्हन म्हणजे नुसतं नखऱ्यांचं गाठोडं होतं. दार नीट लागायचं नाही, म्हणून त्याच्या फटीत कपड्यांचा चिमटा खुपसायचा. वरची तापायची कांडी मेलेली, खालची अर्ध्या जिवाची. आणि टाइमर तर पक्का खोटारडा. वीस मिनिटांवर फिरवला की पाचेक मिनिटांत टण्ण करून मोकळा. मला मेला तो कधी वश झाला नाही. माझ्या हातचा पाव पांढराफटकच निघायचा.

आमच्या ह्यांचं मात्र त्याच्याशी भलतं गूळपीठ. ह्यांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे खटाऱ्याशी कसं वागायचं ते ह्यांना ठाऊक. "चिडून चालत नाही, त्याच्या कलानं घ्यावं लागतं," असं मला ऐकवायचे. जणू काही मी रोज त्याच्याशी भांडायलाच उठायचे. भांडायचे म्हणा, खोटं कशाला बोलू.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपल्या मुलाचं लग्न झालंय हेच. एकदा मलाच विचारलं, "बाई, तुम्हाला कुठे उतरायचंय?" मी म्हटलं, "शेवटच्या थांब्याला." ते मान डोलावून हसले. मीही हसले, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

पण सकाळचा पाव ह्यांच्या हातून सुटला नाही. डोकं थांबलं तरी बोटं चालायची. चिमटा लावायचा, वीसवर फिरवायचं, ताटली हातात घेऊन घंटेची वाट बघत उभं राहायचं. एक पाव स्वतः खायचे, दुसरा माझ्यासाठी झाकून ठेवायचे. मी लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. दुपारी घरी आले की तो गार, चिवट पाव उभ्या उभ्या खायचा आणि मनात म्हणायचं, चला, आजचा दिवस निभावला.

मुलाच्या जिवाला मात्र घोर लागलेला. त्यानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, चांगला होता, नाव ठेवायला जागा नाही. "आई, तू कामावर असताना काही झालं तर?" हे त्याचं पालुपद. शेवटी असं ठरलं, की बाबा सकाळचे एकटे नीट राहतायत तोवर घरी राहतील. काही विपरीत घडलं, तर मग मी हट्ट करायचा नाही. मी हो म्हटलं. त्या पावाच्या भरवशावर म्हटलं, दुसरं होतं काय माझ्याकडे.

एका रविवारी मी बाजारातून आले तर पोरगा ओट्यापाशी घामाघूम. ओव्हनच्या पोटात नव्या कांड्या, नवा टाइमर, दाराला नवी स्प्रिंग. "किती वर्षं कुरकुरतेस, म्हटलं एकदाचं करून टाकू," म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खरंच आनंद झाला होता मला. माझ्या टाळक्यात उजेडच पडला नाही.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत शेजारणीचा फोन. मी धावत घरी आले. दार सताड उघडं, शेजारीण जिन्यात ओल्या टॉवेलनं तोंड धरून उभी, आत धूरच धूर. आमचे हे ओव्हनसमोर ताटली घेऊन ताठ उभे. डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून जीव चाललेला, पण पाय हलत नव्हते. मी दंड धरून ओढलं तर म्हणाले, "थांबा, अजून घंटा कुठे वाजलीय?"

नवा टाइमर इमानदार होता. वीस म्हणजे वीस.

शेजारणीनं मुलालाही कळवलं होतं. बिचारीनं काळजीनंच कळवलं. तो आला, काळवंडलेल्या भिंतीकडे बघितलं, बाबांचा हात हातात घेऊन बसला. मीच म्हटलं, "विचार आश्रमात, जागा कधी होते ते."

जागा व्हायला काही दिवस लागले. मी रजा काढली. टाइमरवर पाचपाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि ह्यांचा हात धरून गिरवून घेतलं. "पाचवर, अहो, पाचवर." ते ठिपक्यापर्यंत यायचे आणि सरळ पुढे जायचे. "वीसवर," मला समजावून सांगायचे, अगदी गोडीत, "नवीन दिसताय तुम्ही." मग मी स्क्रू ढिले करून बघितले, दार वाकवून बघितलं. काही उपयोग झाला नाही. पोरानं काम चोख केलं होतं.

न्यायच्या दिवशी मी ह्यांचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरत होते. मुलगा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि तिथून ओव्हनच्या दाराची उघडझाप ऐकू आली. कितीदा वाटलं होतं सांगून टाकावं, की धूर झाला त्या दिवशीही बाबा रोजच्यासारखं बरोबरच करत होते रे. पण सांगून ह्यांचं घरी राहणं थोडंच होणार होतं? पोराच्या मनाला मात्र कायमचं लागलं असतं.

"आई," तो आतून म्हणाला, "आता त्रास नाही ना देत हा?"

"नाही रे," मी म्हटलं, "अगदी छान चालतो."

तेवढ्यानं त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. त्यानं बॅग उचलली, दुसऱ्या हातानं बाबांना धरलं, आणि दोघं सावकाश जिना उतरायला लागले.