आतून मोजलेली खिडकी

दांडीवाल्याला डोंगरात घर बांधायचं वेड लागलं ते लोकांच्या खिडक्यांपायी. नवरा-बायकोचं पडद्यांचं दुकान होतं. बायको मशीनवर, नवरा शिडीवर. ती शिवायची आणि तो गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन माप घ्यायचा, दांडी ठोकायचा, पडदा चढवायचा, म्हणून अख्खा बाजार त्याला दांडीवाला म्हणे. त्याने लावलेल्या दांडीवर गोटी ठेवली तरी घरंगळणार नाही, हे बायकोही मान्य करायची. त्याच्यात मान्य करण्यासारखं दुसरं काही तिला अजून सापडलं नव्हतं.

गिऱ्हाइकं एकजात एकच सांगायची, अस्तर जाड लावा, पलीकडचं काही दिसता कामा नये. दांडीवाला तिथे मान डोलवायचा आणि घरी येऊन जेवता जेवता त्यांची अक्कल काढायचा. बाहेर झाडं आहेत, आभाळ आहे, आणि या गाढवांना भिंत हवी! आपण बांधू ते घर डोंगरात, समोर सगळी काच, आणि काचेवर चिंधीसुद्धा नाही. पडद्यांवर पोट भरणाऱ्याने पडद्याला चिंधी म्हणावं, हे बायको भातासोबत गिळायची. बोलणारा बोलून बोलून दमतो, अशी तिची समजूत होती.

हा दमला नाही. एका उन्हाळ्यात जाऊन जागा बघून आला आणि आयुष्यभराची पुंजी तिथे ओतली. बांधकामावर जातीने लक्ष देतो म्हणे. लक्ष म्हणजे काय, तर अर्धवट भिंतींच्या आत खुर्ची टाकून बसायचं आणि काच कुठून कुठपर्यंत हवी ते हातवारे करून दाखवायचं. काम चालू असताना बायको एकदा जाऊन आली. आसपासची झाडून सगळी घरं डोंगराकडे पाठ करून, इवल्याशा खिडक्या ठेवून बसलेली. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात, ती काय खुळी आहेत का, असं तिने विचारलं. त्यांना सौंदर्यदृष्टी नाही, असं उत्तर मिळालं. वारा कुठून येतो, ऊन कुठे पडतं, रस्त्यावरून घरातलं काय दिसतं, हे या दृष्टिवंताने एकदाही बाहेर उभं राहून पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? पडदेवाला खिडकी आतूनच मोजतो.

घर पुरं झालं तेव्हा नणंद येऊन गेली. काचेसमोर उभी राहून तिने डोळे पुसले. दादा मुळातला कलावंत, दुकानाने त्याची माती केली, असं वहिनीला नीट ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, आणि गारठा पडायच्या आत गाडीत बसून उताराला लागली.

आता दांडीवाल्याचा हट्ट, की दुकान मोड आणि वर चल. ते दुकान बायकोच्या आईने एका मशीनवर उभं केलेलं. दांडीवाला त्यात आला तोच मुळी जावई म्हणून. दुकान गेलं तर आपण उरणार काय, नुसती दांडीवाल्याची बायको, या विचाराने तिचं मशीन मध्येच थांबायचं. शेवटी तिने सांगितलं, तुम्ही एक हिवाळा तिथे एकट्याने काढून दाखवा, टिकलात तर मी कुलूप लावून येते. शब्द दिला आणि ती पस्तावली, कारण हा माणूस हट्टाला पेटला की कुठेही टिकेल, हे तिला ठाऊक होतं.

हिवाळाभर फोनवर स्वर्गाची खबर येत राहिली. डोंगर असा दिसतो नि तसा दिसतो. थंडी ओसरल्यावर फोन आला, शब्द पाळ. बायकोने जीव मुठीत धरून बस पकडली. पर्समध्ये दुकानाची किल्ली होती, आणि सवयीने मापाचा टेपही.

वळणावरूनच तिला घर दिसलं. काचेवर आतून चादर ठोकलेली होती. घरातलीच, निळ्या चौकड्यांची. एक बाजू वीतभर खाली उतरलेली.

दांडीवाला समोरच्या खोलीत नव्हताच. मागच्या बिनखिडकीच्या कोठीत शेगडीशेजारी खाट कोंबून, कानटोपी घालून बसला होता. हळूहळू एकेक बाहेर आलं. काचेतून हाडं गोठवणारा गारठा येतो. डोंगर धुक्यातून क्वचित डोकं काढतो. आणि रस्त्याने जाणारी माणसं थांबून आत बघतात, दुकानातल्या काचेमागच्या पुतळ्याकडे बघावं तशी. पोरं तर हातही हलवतात.

थंडी तिने माफ केली असती. फोनवरच्या थापाही केल्या असत्या. पण ती चादर बघून तिचं डोकं फिरलं.

"हे कुणी लावलं?"

"मीच."

"खिळे ठोकून? तेही वाकडं?"

त्याने शेगडीत आणखी एक कोळसा टाकला. मग मान वर करून, लाज कोळून प्यायल्यासारखा म्हणाला, "पण टिकलो की नाही? दुकान बंद करून आलीस ना?"

"बंद केलं असतं," ती म्हणाली, "तर या काचेला पडदा कोणी शिवला असता?"

तिने टेप काढला, पण माप घेण्याआधी बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिली आणि घर नीट पाहून आली. मग दोघांनी मिळून चादर उतरवली. स्टुलावर चढून त्याने सवयीने टेपचं वरचं टोक पकडलं, तिने खालचं.

त्या दिवशी धुकं नव्हतं. काचेपलीकडे डोंगर उन्हात लखलखीत उभा होता, आणि तो खरोखरच देखणा होता. तिला वाटलं होतं आपण हसू, पण हसू येईना. भयंकर राग आला. डोंगराचा नव्हे, एवढ्यासाठी सगळं उधळून त्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या या माणसाचा. स्टुलावरून उतरून तो माप तळहातावर लिहून घेत होता.

"अस्तर जाड लाव," मागे न बघता तो म्हणाला. "पलीकडचं काही दिसता कामा नये."