दोन माग, दोन तास

माझी थोरली वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते साल एकोणीसशे त्र्याहत्तर. त्याच साली मी कामाला थकलो. बावीस वर्षं गिरणीत माग चालवलेला मी. तुटलेला धागा समोर दिसायचा आणि हात उचलायचा नाही. रात्र रात्र डोळा लागायचा नाही.

गिरणीच्या डॉक्टरांनी अशा माणसांसाठी सहा आठवड्यांचा नेम घातला होता. पहिले दोन आठवडे घरी झोप. तिसऱ्यात गिरणीच्या बागेत झाडांना पाणी. चौथ्यात थोडं काम, मग हळूहळू पुरं. प्रत्येकाला एक कार्ड. लोक त्याला खुळ्यांची शाळा म्हणायचे. पण बागेत पाणी घालता घालता मला झोप यायला लागली होती.

चौथ्या सोमवारी कार्ड घेऊन वीरभद्रप्पाकडे गेलो. तो मैंदर्गीचा, आमच्या मागांवरचा जॉबर. कुणी किती माग चालवायचे ते तो ठरवायचा. मला अक्षर येत नव्हतं.

“काय लिवलंय, अप्पा?”

“चार माग, पुरी पाळी. झाडांना पाणी घालून लई ताकद आली असंल की!”

“डाक्टर तर थोडं काम म्हनले हुते.”

“मग तू वाच.”

सगळे हसले. त्याला त्या आठवड्यात माणसं कमी होती, एवढंच कारण.

तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या मला डुलकी लागली. तुटलेले धागे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या वाटेत आले, धोटा उडाला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

डॉक्टरांनी मला दवाखान्यात शिपाई ठेवलं. दुपारी कामगारांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथं पाटी घेऊन बसलो. अक्षर लागल्यावर दवाखान्याच्या कपाटातलं माझं जुनं कार्ड काढलं आणि बोट ठेवून वाचलं. दोन माग, दोन तास.

कुणाला बोललो नाही. अक्षर घटवत राहिलो. पुढं डॉक्टर सगळी कार्डं माझ्याकडूनच भरून घ्यायला लागले.

सत्याहत्तर साली वीरभद्रप्पा त्याच नेमात आला. हात थरथरत होते. चौथ्या सोमवारी मी विचारलं, “झोप?”

“न्हाय रं, जोतीराम. डोळं मिटलं की मागाचा आवाज येतो. अजून दोन आठवडं बागंत ऱ्हाऊ दे म्हनून लिव.”

“लिवतो की, अप्पा.”

मी लिहिलं, झोप लागते. हात स्थिर. पुरं काम द्यावं. डॉक्टरांनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली आणि त्याला कामावर जायला सांगितलं.

“पुरं काम?” बाहेर त्यानं मला धरलं. “काय लिवलंस तू?”

“मग तू वाच.”

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याखाली माझं त्र्याहत्तरचं कार्ड टाचलेलं होतं. त्यानं दोन्ही वाचली. माझ्या गेलेल्या डोळ्याकडं बघितलं. डॉक्टरांकडं तक्रार करायची तर दोन्ही कार्डं दाखवावी लागणार होती. तो खात्यात गेला.

मला वाईट वाटलं असं लिहिलं, तर ते माझं दुसरं खोटं होईल.

त्या सोमवारनंतर अकराव्या दिवशी, शुक्रवार, दोन डिसेंबर एकोणीसशे सत्याहत्तर रोजी सकाळी साडेदहाला, वीरभद्रप्पा जॉबर मागांच्या मधल्या वाटेत पडला आणि तिथंच वारला.